विजयालक्ष्मी पंडित : अलाहाबादच्या नगरपालिकेपासून जगाच्या सभेपर्यंत



आपल्यापैकी जे १९६२ ते १९६४ च्या दरम्यान मुंबईत होते, त्यांना मलबार पॉइंटच्या राजभवनात राहणाऱ्या राज्यपालबाई आठवत असतील. विजयालक्ष्मी पंडित. महाराष्ट्राच्या त्या पहिल्या महिला राज्यपाल. पण मुंबईत त्यांची ओळख दोन शब्दांत संपायची : नेहरूंची बहीण. आमच्या घरीही तेच. माझे वडील पेपर वाचता वाचता म्हणायचे की भाऊ पंतप्रधान असला की खुर्ची चालत घरी येते. मी तेव्हा शाळेत होते, वडील म्हणतात ते खरं, असं धरून चालत होते. पुढे इथे येऊन नोकरी, मुलंबाळं सगळं झाल्यावर, पेन्शनीत निघाल्यावर, त्यांचं आत्मचरित्र हाती आलं आणि मी ते दोनदा वाचलं. भावाचं नाव कामी आलं हे खरं आहे, ते कोणी नाकारू नये. पण तेवढ्यावर ही बाई संपत नाही. म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९०० चा, अलाहाबादचा. वडील मोतीलाल नेहरू हे नामांकित वकील, घरात पैसा पाण्यासारखा. माहेरचं नाव स्वरूपकुमारी, लाडाचं नाव नान. जवाहरलाल त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, आणि धाकटी बहीण कृष्णा सात वर्षांनी लहान. भावाला शिकायला विलायतेला हॅरो आणि केंब्रिजला पाठवलं. मुलींसाठी मात्र घरात इंग्रज गव्हर्नेस. घोड्यावर बसणं, पियानो, इंग्रजी वाचन हे सगळं झालं, पण शाळा नाही, कॉलेज नाही, पदवी नाही. जिच्या नावापुढे पुढे जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी मानाच्या पदव्या लावल्या ती मॅट्रिकसुद्धा नव्हती, हे मला विशेष वाटतं.

मे १९२१ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि इथे आपला संबंध येतो. नवरदेव रणजित सीताराम पंडित, बॅरिस्टर. हे घराणं मूळचं दक्षिण कोकणातल्या बांबुळी गावचं, सारस्वत. वडील वकिलीसाठी राजकोटला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. म्हणजे आपण कुलाब्याकडचे, ते तळकोकणातले, पण समुद्र एकच. आपण पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावं आडनावात बांधून जगभर फिरलो, पंडितांनी गाव मागे ठेवलं एवढाच फरक. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्या महाराष्ट्रातली रीत तुम्हाला माहीत आहे. त्या रीतीने स्वरूपकुमारी नेहरूची विजयालक्ष्मी पंडित झाली. ज्या नावाने जगाने त्यांना ओळखलं ते नाव मराठी सासरचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रणजितराव मोठे विद्वान होते. संस्कृत उत्तम, गाणं आवडायचं, अनेक भाषा येत होत्या. काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या राजतरंगिणीचं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं, ते १९३५ मध्ये छापून आलं. वकिलीत भरपूर कमावता आलं असतं. पण गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी वकिली सोडली, आणि नवराबायको दोघंही चळवळीत पडले. तीन मुली झाल्या : चंद्रलेखा, नयनतारा आणि रीता. आई-बाप आळीपाळीने तुरुंगात, असं त्या मुलींचं बालपण गेलं.

जानेवारी १९३२ मध्ये विजयालक्ष्मीबाईंना पहिल्यांदा अटक झाली आणि एक वर्षाची शिक्षा झाली. धाकटी बहीण कृष्णाही त्यांच्याबरोबर पकडली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलाहाबादच्या मिरवणुकीत त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर पोलिसांची लाठी बसली. मखमलीच्या गाद्यांवर वाढलेली माणसं ही.

राजकारणातली पहिली पायरी अगदी साधी होती. १९३५ च्या सुमारास त्या अलाहाबादच्या नगरपालिकेत निवडून आल्या आणि शिक्षण समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. नगरपालिकेच्या शाळा, गळकी छपरं, मास्तरांचे पगार, भुकेली पोरं, असल्या कामात त्यांना पहिल्यांदा कळलं की सभेत भाषण देणं वेगळं आणि फाइल पुढे सरकवणं वेगळं. आपल्यात ज्यांनी सरकारी खात्यात किंवा रेल्वेत नोकरी केली त्यांना हे सांगायला नको.

मग १९३७ ची निवडणूक आली. नव्या कायद्याने प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं बसणार होती. विजयालक्ष्मीबाई संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, कानपूरकडच्या बिल्हौर मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. जुलैमध्ये गोविंद वल्लभ पंतांचं मंत्रिमंडळ झालं. त्यात त्यांना स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती मिळाली. हिंदुस्थानात मंत्री झालेली ही पहिली बाई. त्याच वर्षी आपले डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. महालक्ष्मीवरून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला अजून त्यांचं नाव आहे.

मंत्रीपद म्हणजे नुसती शोभा, असं कोणाला वाटलं असेल तर दुसऱ्याच वर्षी ते खोटं ठरलं. १९३८ मध्ये हरिद्वारला कुंभमेळा भरला. लाखो माणसं गंगेवर आली आणि पटकी पसरली. यात्रेकरू घरी परतले तशी ती गावोगाव गेली. आरोग्य खातं बाईंचं. लस, विहिरीत टाकायचं औषध, डॉक्टर, हे सगळं खेड्यापर्यंत पोचवायचं, आणि लोक तर सुईलाच घाबरायचे. त्या स्वतः गावांतून फिरल्या. विधिमंडळात तर त्यांनी त्याआधीच एक महत्त्वाची गोष्ट केली होती. इंग्रजांनी केलेला १९३५ चा कायदा आम्हाला मान्य नाही, हिंदुस्थानची घटना हिंदुस्थानच्या लोकांनी निवडलेल्या सभेने करावी, असा ठराव त्यांनी १९३७ मध्ये मांडला. नऊ वर्षांनी तशी घटना समिती खरोखर बसली आणि त्या तिच्या सभासद झाल्या.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. लोकांना न विचारता इंग्रजांनी हिंदुस्थानला युद्धात ओढलं म्हणून काँग्रेसच्या सगळ्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. बाई पुन्हा रस्त्यावर, आणि पुन्हा तुरुंगात. तिसरी आणि शेवटची अटक ऑगस्ट १९४२ ची. नैनीच्या तुरुंगात त्या होत्या, थोरली मुलगी चंद्रलेखा होती, आणि पुढे त्याच बराकीत भाची इंदिरा आली. हे लक्षात ठेवा, कारण या मावशी नव्हे, आत्या-भाचीची गोष्ट पुढे यायची आहे. रणजितरावही तुरुंगातच होते. त्यांना दम्याचा त्रास, नैनीहून बरेलीच्या तुरुंगात हलवल्यावर प्रकृती फारच ढासळली. १९४३ मध्ये त्यांना आजारी म्हणून सोडलं, पण उशीर झाला होता. १४ जानेवारी १९४४ ला लखनौला ते गेले. बाई त्या वेळी ४३ वर्षांच्या. दोन मोठ्या मुली अमेरिकेत शिकायला गेलेल्या, धाकटी शाळेत.

आणि आता जे झालं ते मला या सगळ्या आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. रणजितरावांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. मुलगा नव्हता. एकत्र कुटुंबाच्या हिंदू कायद्याप्रमाणे मालमत्तेवर दिराने हक्क सांगितला. बँकेतले पैसे अडकले. प्रांताची माजी मंत्री, अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष राहिलेली, मोतीलाल नेहरूंची मुलगी, आणि नवरा गेल्यावर हातात काही नाही. मुलगा असता तर चित्र वेगळं असतं. तीन मुली असून कायद्याच्या हिशेबात ती बाई जणू बिनअपत्य.

आपल्याला हे वाचताना नवल वाटतं, कारण आपल्या ज्यू लोकांना हिंदुस्थानात १९२५ चा वारसा कायदा लागू होता. त्यात मृत्युपत्र नसलं तरी विधवेला एक तृतीयांश, आणि बाकीचं मुलगा-मुलगी दोघांना सारखं. आणि आपल्याकडे तर सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट आहेच. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हाला वाटा द्या, असं म्हणून त्या मोशे राब्बेनूंपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचं म्हणणं मान्य झालं. विजयालक्ष्मीबाईंचं म्हणणं ऐकायला तसं कोणी बसलं नव्हतं. हिंदू विधवा आणि मुलींना वारसा देणारा कायदा १९५६ मध्ये झाला, त्यांचा भाऊ पंतप्रधान असताना. तोवर त्यांच्या स्वतःच्या बाबतीत गोष्ट होऊन गेली होती.

भांडण कोर्टात गेलं असतं तर वर्षानुवर्षं चाललं असतं. अमेरिकेला निघण्याआधी त्या गांधीजींना भेटायला गेल्या. गांधीजींनी विचारलं की सासरच्यांशी समेट केला का. बाईंना राग आला, कारण अन्याय त्यांच्यावर झाला होता. पण गांधीजींनी समजावलं की मनात कडू ठेवून परदेशी जाशील तर ते ओझं तुलाच वाहावं लागेल. शेवटी त्या दिराला भेटल्या आणि मन मोकळं करून निघाल्या. मला स्वतःला गांधीजींचा हा सल्ला पटत नाही. बाईने नेहमी मन मोठं करायचं आणि पैसे दुसऱ्याने ठेवायचे, हे आपण घराघरांत पाहिलं आहे. पण त्या लिहितात ते असं की त्यानंतर त्यांना हलकं वाटलं. त्यांचं मन त्यांना माहीत.

१९४४ च्या अखेरीस त्या अमेरिकेला पोचल्या. पोटासाठी आणि देशासाठी गावोगाव व्याख्यानं सुरू झाली. एप्रिल १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची स्थापना करण्यासाठी जग जमलं. हिंदुस्थानच्या नावाने तिथे बसलेले प्रतिनिधी इंग्रजांनी नेमलेले होते. बाईंकडे कसलंच अधिकारपत्र नव्हतं. तरी त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की हे लोक आमचे प्रतिनिधी नव्हेत. सभागृहात त्यांना खुर्ची नव्हती, पण बाहेर वर्तमानपत्रांत त्यांचं बोलणं छापून येत होतं. आणि हे करताना त्यांचा भाऊ कुठे होता? तुरुंगात. तिथे भावाची खुर्ची कामाला आली नाही.

१९४६ च्या सुरुवातीला परत येऊन त्या पुन्हा संयुक्त प्रांतात निवडून आल्या आणि पुन्हा तीच खाती घेऊन मंत्री झाल्या. वर्ष संपायच्या आत दिल्लीत अंतरिम सरकार आलं आणि संयुक्त राष्ट्रांत जाणाऱ्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. प्रांताकडून देशाकडे त्यांची उडी ही अशी झाली.

न्यूयॉर्कला त्यांच्यापुढे होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. तिथल्या हिंदी लोकांनी कुठे जमीन घ्यावी आणि कुठे राहावं यावर बंधनं घालणारा कायदा स्मट्सच्या सरकारने त्याच वर्षी केला होता. तिथले आपले हिंदी लोक त्याला घेटो कायदा म्हणायचे. हा शब्द १९४६ मध्ये, युरोपात जे झालं त्यानंतर लगेच, कसा कानावर पडला असेल याची कल्पना करा. स्मट्स म्हणजे साधा माणूस नव्हे. बॅल्फोर जाहीरनाम्याच्या वेळी ते लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात होते आणि आपल्या कामाचे मित्र होते. हैफाजवळचा रामात योहानान किबुत्झ त्यांच्याच नावाचा आहे. तोच माणूस आपल्या देशात हिंदी लोकांना वेगळं कोंडत होता. माणसं अशी दोन्हीकडची असतात.

स्मट्सचं म्हणणं की हा आमच्या घरचा प्रश्न आहे, जगाने त्यात पडू नये. बाईंचं म्हणणं की माणसाला कातडीवरून कमी लेखणं हा कोणाच्या घरचा प्रश्न नसतो. ८ डिसेंबर १९४६ ला मत झालं. दोन तृतीयांश लागत होती. ३२ बाजूने, १५ विरुद्ध, ७ तटस्थ. ठराव जेमतेम पार पडला. जिंकल्यावर बाई स्मट्सच्या जागेपाशी गेल्या आणि बोलताना गांधीजींच्या शिकवणीला कमी पडेल असं काही झालं असेल तर माफ करा, असं त्यांना म्हणाल्या. भांडावं कसं हे त्यांना मंत्रिमंडळाने शिकवलं, आणि भांडण संपवावं कसं हे बहुतेक दिराशी झालेल्या समेटाने.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्यांचं शिष्टमंडळ पुन्हा त्याच सभेत बसलं, आणि या वेळी प्रश्न आपला होता. पॅलेस्टाईनची फाळणी करायची की नाही. भारताची भूमिका फाळणीच्या विरुद्ध. ज्यू आणि अरब दोघांचं मिळून एक संघराज्य व्हावं, अशी योजना भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी पुढे केली होती. आइनस्टाइन यांनी जून महिन्यात नेहरूंना पत्र लिहून पाठिंबा मागितला होता, नेहरूंनी आदराने पण नकाराचं उत्तर दिलं. २९ नोव्हेंबरला ३३ मतं बाजूने, १३ विरुद्ध, १० तटस्थ. भारत त्या तेरांत. या देशातल्या किती गावांत काफ-तेत बेनोव्हेंबर नावाचा रस्ता आहे! त्या रस्त्यावरून भाजी आणायला जाताना माझ्या मनात कधी कधी येतं की त्या दिवशी माझा जन्मदेश नाही म्हणाला होता आणि नाही म्हणणाऱ्या शिष्टमंडळाच्या प्रमुख कोकणच्या सूनबाई होत्या.

राग येतो का? तरुणपणी आला असता. आता वाटतं की फाळणीची जखम तीन महिन्यांपूर्वीची, पंजाबात माणसं मरत होती, तेव्हा दुसऱ्या कुठल्या देशाची फाळणी करा असं म्हणायला भारताची जीभ रेटली नसती. शिवाय धोरण दिल्लीत ठरत होतं, बाईंनी ते मांडलं. पण एक म्हणते. आपल्या लोकांनी हिंदुस्थानात दोन हजार वर्षं कधी कोणाचा त्रास सोसला नाही, त्यामुळे युरोपातले ज्यू कशातून निघाले होते ते तिथल्या नेत्यांना आतून कळलं नाही. बाईंनाही नाही. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० ला, आणि पुरते राजनैतिक संबंध जुळायला १९९२ उजाडलं.

त्याच काळात एक गंमतही घडली. ऑगस्ट १९४७ पासून विजयालक्ष्मीबाई मॉस्कोत भारताच्या पहिल्या राजदूत होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये त्याच शहरात इस्रायलच्या पहिल्या वकील म्हणून आल्या गोल्डा मेयर. दोन नवे देश, दोन बायका, एकच गाव, आणि दोघींच्या देशांचे एकमेकांशी संबंध नाहीत! गोल्डाबाईंच्या भोवती मॉस्कोच्या सिनेगॉगसमोर हजारो ज्यू जमले ती हकीकत आपल्याला पाठ आहे. विजयालक्ष्मीबाईंना मॉस्कोने तसं काही दिलं नाही. स्टालिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. राधाकृष्णन यांना मात्र दिली. रशियात त्यांचं काम फारसं झालं नाही, हे सरळच सांगायला हवं.

१९४९ मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि तिथे मात्र जम बसला. १९५० च्या शेवटी भारतात दुष्काळ पडला, तेव्हा वीस लाख टन धान्य मागायचं काम त्यांच्यावर आलं. कोरियाच्या युद्धात भारत अमेरिकेची री ओढत नाही म्हणून तिथले सिनेटर चिडलेले. महिनोन्महिने खल झाला, आणि जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. मुंबईत रेशनच्या रांगेत लाल अमेरिकन गहू, मिलो असं बरंच काही आपण पुढच्या काळात खाल्लं. तुमच्या आईने त्याच्या पोळ्या लाटताना काय म्हटलं असेल ते मी लिहीत नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लखनौहून त्या लोकसभेत आल्या. आणि १५ सप्टेंबर १९५३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांना आठव्या अधिवेशनाचं अध्यक्ष निवडलं. पहिली बाई. दुसरी बाई त्या खुर्चीत बसायला १९६९ साल उजाडलं, लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स. आठ वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोला जिला आत बसायला जागा नव्हती, तिच्या हातात आता अख्ख्या सभेचा हातोडा. त्यानंतर १९५४ ते १९६१ लंडनला उच्चायुक्त. सात वर्षं, म्हणजे लांब मुक्काम, पण त्यावर जास्त लिहिण्यासारखं मला सापडत नाही.

केंद्रात मंत्री मात्र त्या कधीच झाल्या नाहीत. १९४७ च्या मंत्रिमंडळात एक बाई होती, पण ती राजकुमारी अमृत कौर. भावाने खुर्च्या वाटल्या म्हणणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीसुद्धा, हे कधी मोजलं नाही. प्रांतात दोनदा खातं सांभाळलेल्या बाईला दिल्लीत खातं मिळालं नाही. परदेशची वकिलात मिळाली, मान मिळाला, पण घरच्या कारभारात हात नाही.

२८ नोव्हेंबर १९६२ ला त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. चीनचं युद्ध नुकतंच थांबलेलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, ते वर्षभरात वारले, आणि वसंतराव नाईक आले.  आपल्या घरांत तेव्हा वेगळ्याच विषयावर बोलणं चालायचं. इथे रब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका काढली होती, आणि जायचं की थांबायचं हा प्रश्न प्रत्येक घरात होता. १९६४ चा तो उन्हाळा, जेरुसलेमला आपल्या लोकांनी धरणं धरलं ते, आणि ३१ ऑगस्टला मिळालेला न्याय, हे आपण विसरणार नाही. त्याच उन्हाळ्यात, २७ मे ला, नेहरू गेले. मुंबईची दुकानं पटापट बंद झाली होती एवढं मला आठवतं.

भाऊ गेल्यावर बाईंनी राज्यपालपद सोडलं. वयाच्या ६४ व्या वर्षी, राजभवनाचा आराम टाकून, त्यांनी भावाच्याच फुलपूर मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. लोकसभेत आपल्याच पक्षाच्या शास्त्री सरकारवर, निर्णय घ्यायला कचरतं म्हणून, त्यांनी उघड टीका केली. १९६६ मध्ये भाची इंदिरा पंतप्रधान झाली. नैनीच्या बराकीत एकत्र राहिलेल्या दोघी, पण आता जमेना. आत्याला काही जबाबदारी मिळाली नाही. १९६७ मध्ये त्या पुन्हा फुलपूरहून निवडून आल्या आणि १९६८ मध्ये राजीनामा देऊन देहराडूनला राहायला गेल्या. लोकांना वाटलं, संपलं.

१९७५ मध्ये आणीबाणी आली. पुढारी तुरुंगात, पेपरांवर कात्री. इंग्रजांच्या तुरुंगात तीनदा जाऊन आलेल्या बाईला हे कसं वाटलं असेल? शिवाय कोंडणारी आपल्या भावाची मुलगी. निवडणूक जाहीर झाल्यावर, फेब्रुवारी १९७७ मध्ये, ७६ वर्षांची ही बाई देहराडूनचं घर सोडून बाहेर पडली आणि इंदिराबाईंच्या विरुद्ध प्रचाराला लागली. गावोगाव सभा. घरात वाद असला तरी चारचौघांत बोलू नये, असं आपल्या पिढीला शिकवलेलं. त्यांनाही तेच शिकवलं असणार. तरी बोलल्या. मार्चमध्ये इंदिराबाई हरल्या. राष्ट्रपतीपदासाठी बाईंचं नाव चर्चेत आलं होतं, पण नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले.

१९७९ मध्ये सरकारने त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून नेमलं. त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. ते इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. ज्यांना चष्म्याने वाचवत नाही त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावं, दिराची गोष्ट आणि स्मट्सची गोष्ट ही दोन प्रकरणं तरी.

१ डिसेंबर १९९० ला देहराडूनला त्या वारल्या. वय नव्वद.